मेला कागदावर, रडू मात्र खरं

प्रिय मावशी,

मी १५ वर्षांची आहे. पाच भागांची एक फॅन्टसी मालिका वाचतेय. चौथ्या भागाच्या शेवटी कंदीलवाला मेला. तो मुख्य पात्र नाही. अख्ख्या मालिकेत त्याच्या तोंडी फार तर पन्नास वाक्यं असतील. तो नुसता पुढे चालतो आणि थांबला की बाहीने कंदिलाची काच पुसतो. त्याच भागात राणीही मेली, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. याच्यासाठी मात्र मी दोन दिवस रडले. ताई म्हणते, नाटकं करतेस. बाबा म्हणतात, एवढी मोठी झालीस तरी पऱ्या-राक्षस सुटत नाहीत. पाचवा भाग तीन महिने कपाटात पडून आहे, हात लावायचा धीर होत नाही.

दुसरं म्हणजे, वर्गातल्या सगळ्या मुली त्यातल्या राजपुत्रावर फिदा आहेत आणि माझ्या तो डोक्यात जातो. नायिका त्याच्यासाठी इतकी बावळटासारखी वागते की पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं. मीच चुकतेय का? युद्धाची वर्णनं आली की मी पानं उडवते. ही फसवणूक आहे का?

सगळ्यात वाईट तिसरं. मन रमेल म्हणून पहिला भाग पुन्हा काढला. अकरा वर्षांची असताना तो मी सहा वेळा वाचला होता. आता चक्क बाळबोध वाटला. तेव्हापासून काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय.

माझी एक वही आहे. प्रत्येक पुस्तकाबद्दल त्यात लिहिते. 'भारी', 'रडले', 'बोअर', एवढंच. भाषेच्या बाई म्हणाल्या, ही प्रतिक्रिया झाली, परीक्षण नव्हे. मग लिहू तरी काय?

— कंदीलवाल्याची कोणीच नसलेली

---

कंदीलवाल्याच्या कोणीच नसलेल्या मुली,

मालिकेचं नाव तू लिहिलं होतंस, मी ते गाळलंय. ज्यांचा चौथा भाग अजून व्हायचाय ते माझ्या नावाने खडे फोडतील. उत्तराला उशीर झाला त्याचं कारणही तीच मालिका. तुझं पत्र आल्यावर मी पहिल्यापासून वाचायला बसले. म्हटलं, ज्याच्यासाठी एक मुलगी दोन दिवस रडते तो माणूस कोण ते बघू तरी. तीन आठवडे गेले.

तर मीही रडले. दोन दिवस नाही, पण चष्मा काढून पुसावा लागला एवढं. तेव्हा नाटकं करणाऱ्या आपण दोघी झालो.

आता मला जे दिसलं ते सांगते. राणीच्या मरणाला लेखिकेने अकरा पानं दिली आहेत. मी मोजली. वारा सुटतो, घंटा वाजतात, काळे झेंडे चढतात, सरदार गुडघ्यावर बसतात, आकाशसुद्धा रंग बदलतं. सगळा लवाजमा आहे. कंदीलवाला साडेतीन ओळींत जातो. त्यातली अर्धी ओळ पावसाची आहे. तू अकरा पानांना ढिम्म हलली नाहीस आणि साडेतीन ओळींनी कोसळलीस. यात तुझं काही बिघडलेलं नाही. राणीच्या वेळी लेखिकाच इतकी गळा काढून रडते की तुझ्या वाट्याला काही उरतच नाही. कंदीलवाल्याच्या वेळी ती गप्प आहे, म्हणून ते काम तुझ्याकडे आलं.

आणि काच. पहिल्या भागात तो थांबून काच पुसतो तेव्हा सगळे वैतागतात, कारण पाठलाग चालू असतो. आपणही वैतागतो. दुसऱ्या भागात त्याचा हात जायबंदी असतो तेव्हा नायिका न सांगता काच पुसून देते. एकच वाक्य, पुढे काही चर्चा नाही. तिसऱ्यात काच पुसण्याचा उल्लेख इतका सहज येतो की डोळ्यांखालून निघून जातो. चौथ्यात तो मेल्यावर कंदील एका पोराच्या हातात जातो आणि काचेवर काजळी धरत जाते. कुणी पुसत नाही. 'कुणी पुसली नाही' असंही लेखिका म्हणत नाही. पुढच्या पानावर उजेड थोडा मंद झालाय, बस.

म्हणजे चार भागांत तिने तुझ्या हाताला एक सवय लावली आणि मग ती सवय पुरी करायला माणूसच ठेवला नाही. रडू त्या रिकाम्या जागेचं आहे. राणीने असं सवयीचं काहीच ठेवलं नव्हतं. तिच्याकडे होता तो मुकुट.

ताईला वाटतं की खोट्या माणसासाठी रडणं म्हणजे खरं-खोटं न कळणं. तसं अजिबात नाही. तो मेला म्हणून तू कुणाला मदतीला हाका मारल्या नाहीस, त्याच्या घरी निरोप धाडला नाहीस. तुला पुरतं ठाऊक होतं की हा कागद आहे. कोलरिज नावाच्या इंग्रज कवीने १८१७ साली याला नाव दिलं होतं: अविश्वास आपणहून, राजीखुशीने, थोडा वेळ बाजूला ठेवणं. यातला 'आपणहून' हा शब्द ताईला वाचून दाखव. फसलेला माणूस आपणहून काही करत नाही. तू करार केलास आणि पाळलास.

या करारात तुझ्याआधी लाखो लोक रडून गेलेत. १८४०-४१ मध्ये चार्ल्स डिकन्सची एक कादंबरी हप्त्याहप्त्याने छापून येत होती. त्यातली लहान मुलगी नेल आता जगत नाही अशी लक्षणं दिसू लागली, तशी वाचकांची पत्रं येऊ लागली, की बाबा रे, तिला मारू नकोस. त्याने मारलीच. १८९३ मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं तेव्हा वाचक इतके भडकले की लेखकाला शिव्याशापांची पत्रं आली. त्याने दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, होम्सला परत आणलाही. हे सगळे चांगले मोठे, मिशावाले, नोकरीधंदा करणारे लोक होते.

होम्सवरून एक आडवळण घेते, कारण फॅन्टसीत हा प्रश्न फार टोचतो. जिथे जादू आहे तिथे मेलेल्याला परत का आणत नाहीत? तूही कुठेतरी मनात म्हणाली असशील, एवढे मांत्रिक कशाला पाळलेत मग? चांगली फॅन्टसी लिहिणारे याच्यासाठी आधीपासून कुंपण घालतात. जादूला किंमत असते, मर्यादा असते, काही दारं बंदच असतात. तुझ्या मालिकेत पहिल्याच भागात ती विहिरीची गोष्ट आहे बघ, मेलेल्याला हाक मारली की हाक मारणाऱ्याचा आवाज जातो. तेव्हा ती नुसती भीतीची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात लेखिकेने कंदीलवाल्याच्या परतीचा रस्ता तिथेच बुजवून टाकला होता. जिथे हे कुंपण नसतं तिथे पात्रं मरतात आणि पुढच्या भागात हात झटकत उठतात. मग आपण रडणं सोडून वाट बघायला लागतो. मला तसल्या मालिका आवडत नाहीत. तुला आवडत असतील तर माझी हरकत नाही.

पाचवा भाग कपाटात पडलाय म्हणतेस. माझंही एक पुस्तक पडलं होतं. मी तेरा वर्षांची होते. गोष्टीत एक म्हातारा घोडा होता आणि प्रकरणाचं नाव वाचूनच कळत होतं की आता तो जाणार. मी त्या पानाला केसांतली काळी पिन लावली आणि पुस्तक गादीखाली सरकवलं. पुस्तक ग्रंथालयाचं. मुदत संपली, दंड झाला, घरात बोलणी बसली, तरी मी ते परत करीना. माझा हिशेब सरळ होता: मी पान उलटत नाही तोवर घोडा जिवंत आहे. आठ महिने तो माझ्यामुळे जगला. मग एका दुपारी तापाने अंथरुणात होते आणि हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून पिन काढली. पिनेचा गंज पानाला लागला होता, तांबूस, दोन दातांचा. घोडा त्या प्रकरणात मेलाच नाही. तो पुढच्या प्रकरणात मेला, आणि ते प्रकरण मी सावध नसताना वाचलं.

तीन महिने म्हणजे काहीच नाहीत. राहू दे कपाटात.

इथे एक गोष्ट मात्र मावशी म्हणून विचारणार. 'हरवल्यासारखं वाटतंय' हे पुस्तक उघडल्यावर वाटतं, की सकाळी उठल्यापासून? झोप, भूक, मैत्रिणींशी गप्पा, हे सगळं ठीक चाललं असेल तर हे वाचकाचं दुःख आहे, आपलं आपण निवळेल. पण आठवडेच्या आठवडे कशातच जीव लागत नसेल, तर कंदीलवाला हे निमित्त आहे आणि खरं कारण दुसरं आहे. मग आईशी, बाबांशी किंवा ज्या मोठ्या माणसापाशी मोकळेपणी बोलता येतं त्याच्याशी बोल. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. कधीकधी आपण ज्याच्यासाठी रडायचं राहिलेलं असतं, त्याच्यासाठी पुस्तकात रडून घेतो. तसं काही असेल तर तुझं तुला ठाऊक, मला पत्रात लिहिलं नाहीस तरी चालेल.

आता राजपुत्र. तुझ्या मैत्रिणींची माफी मागून सांगते, माझ्याही तो डोक्यात गेला. दुसऱ्या भागात तो नायिकेला आलेलं पत्र लपवून ठेवतो, का, तर 'तुझ्याच भल्यासाठी'. रात्री खिडकीत बसून ती झोपलेली असताना बघत राहतो. तिसऱ्यात तिला न विचारता तिच्या वतीने तह करतो. दर वेळी वाक्य एकच, की मला तुझी काळजी वाटते. लेखिकेने याला काळा अंगरखा दिलाय, गालावर जखमेची खूण दिलीय, एक शाप दिलाय आणि दर चार पानांनी चमकणारे डोळे दिलेत. एक खेळ करून बघ. अंगरखा काढ, शाप काढ, डोळे साधे कर आणि तीच कृती वर्गातल्या एखाद्या मुलाला दे. त्याने तुझा फोन लपवला आणि म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी. आता क्रश येतोय का?

तुला जो राग आला त्याला अशी जागा आहे, पान आहे, ओळ आहे. म्हणून तो पक्का आहे.

पण हा खेळ मैत्रिणींच्या डोक्यावर आपटायला वापरू नकोस. पुस्तकातला धोकादायक मुलगा आवडणं आणि तसला मुलगा आयुष्यात हवा असणं, यात फरक आहे, आणि तो बहुतेक मुलींना कळतो. पुस्तकात भीतीची मजा घेता येते कारण पुस्तक मिटता येतं. त्यांना काय आवडतं ते खरंच ऐकून घे. एखादी म्हणेल, मला त्याचं बोलणं आवडतं. एखादी म्हणेल, तो बदलेल असं वाटत राहतं. त्या वाट बघण्यात त्यांचं पुस्तक आहे. तुझं कंदिलात आहे. एकाच बाइंडिंगमधली दोन पुस्तकं आहेत ही.

नायकनायिकेच्या जोडीवरून लेखकाशी भांडणारी तू पहिली नाहीस. लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ मध्ये आला, तेव्हा मुलींची पत्रं सुरू झाली: नायिका 'जो' आणि तिचा शेजारी मित्र लॉरी यांचं लग्न लाव. अल्कॉट इतकी चिडली की तिने ठरवलं, काही झालं तरी लावणार नाही. १८६९ च्या दुसऱ्या भागात जोला एक वयस्क प्राध्यापक मिळाला. त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, भांडण अजून मिटलेलं नाही. तेव्हा राजपुत्र नको म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि लेखिकेला तुझं न ऐकण्याचा.

एका ठिकाणी मात्र तुझा कान धरणार आहे. नायिका 'बावळट'. का गं? ती कुणाला न सांगता एकटी जंगलात जाते तेव्हा तुला ती बावळट वाटते. पहिल्या भागात तिचा भाऊ अगदी तसाच, कुणाला न सांगता, एकटा डोंगरात जातो. त्याच्याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही. तो शूर, ती बावळट? मीही असंच वाचत आलेय, म्हणून पटकन ओळखलं. मुलीच्या चुकीला आपण मुलीच जास्त कडक मार्क देतो. तिच्याकडून आपली अब्रू जाते असं वाटतं की काय कोण जाणे.

शिवाय ही गोष्ट ती स्वतः सांगतेय, 'मी' म्हणून, आणि तीही घडता घडता. किशोरांसाठीच्या कितीतरी कादंबऱ्या अशाच लिहिलेल्या असतात. या पद्धतीत तिला जेवढं दिसतं तेवढंच कागदावर येतं. आपल्याला मात्र बरंच आधी ठाऊक असतं. मुखपृष्ठावर कोण आहे, मागच्या मजकुरात काय लिहिलंय, अजून दोनशे पानं शिल्लक आहेत म्हणजे हा तह मोडणार, हे आपल्याला कळतं. तिला तिची दोनशे पानं दिसत नाहीत. ती अंधारात चाललीय आणि आपण तिला खड्ड्यात पाय घातला म्हणून हसतोय. पुढच्या वेळी राग आला की आधी हे बघ: तिला आत्ता या क्षणी काय माहीत आहे? तेवढ्यावरूनही ती मूर्खपणा करत असेल तर खुशाल राग कर. राजपुत्राने पत्र लपवलेलं समोर आल्यावरही ती त्याला दोन ओळींत माफ करते, तिथे माझाही हात पुस्तक फेकायला उचलला होता. ती चूक नायिकेची नाही, लेखिकेची आहे. तिला पुढच्या प्रकरणाची घाई झालेली दिसते.

युद्धाची पानं उडवतेस, उडव. दान्येल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहून ठेवले. पानं गाळायचा हक्क त्यात दुसराच आहे. पुस्तक अर्धवट सोडायचा तिसरा, पुन्हा वाचायचा चौथा. दहावा मला सगळ्यात आवडतो: गप्प राहायचा हक्क. म्हणजे काय वाचलं, काय वाटलं, हे कुणाला सांगायला आपण बांधलेले नाही. हा हक्क तू ताईपुढे वापरायला हवा होतास. एक सूचना फक्त. चौथ्या भागातलं दुसरं युद्ध पूर्ण गाळू नकोस. कंदीलवाला तिथे एकदा हसतो, मालिकेत एकदाच.

बाबांचं काय करायचं? 'पऱ्या-राक्षस' या शब्दावर त्यांच्याशी वाद घालू नकोस, हरशील. मोठ्या माणसांच्या मनात असं असतं की फॅन्टसी म्हणजे पळवाट. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनने १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं, त्यात त्याने या आरोपाला फार नेमकं उत्तर दिलंय. तो म्हणतो, तुम्ही दोन पळणारे एकच समजताय. रणांगणातून पळणारा शिपाई वेगळा आणि कैदेतून सुटू बघणारा माणूस वेगळा. कोठडीतला माणूस भिंती आणि पहारेकरी सोडून दुसऱ्या कशाचा विचार करत असेल, घराचा करत असेल, तर त्याला भेकड म्हणाल का? टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, खंदकांत होता. रणांगण त्याने पाहिलेलं होतं.

माझं मत थोडं कमी उदार आहे. अभ्यास टाळायला वाचत असशील तर ती शिपायाची पळवाट आहे आणि बाबांचं म्हणणं बरोबर आहे. पण तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही. बाबांना व्याख्यान देऊ नकोस, विहिरीची गोष्ट मोठ्याने वाचून दाखव. चार पानांची आहे. मध्येच थांब आणि उठून जा. मागून हाक आली तर समज.

राहिला 'किशोर साहित्य म्हणजे हलकं' हा समज. तो तुझ्याही मनात थोडा असावा, नाहीतर 'बाळबोध' शब्द तू इतक्या लाजेने लिहिला नसतास. एस. ई. हिंटन नावाच्या मुलीने १५व्या वर्षी, म्हणजे तुझ्या वयाची असताना, कादंबरी लिहायला घेतली, कारण ती ज्या मुलांना ओळखत होती तशी मुलं तिला पुस्तकांत सापडत नव्हती. 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांबद्दल एका मुलीने लिहिलंय म्हणून परीक्षक नाकं मुरडतील, या धास्तीने प्रकाशकांनी पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं छापली. किशोरांसाठीच्या कादंबरीचा इतिहास सांगताना आज या पुस्तकापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते लिहिणारीच किशोरवयीन होती.

आता पहिला भाग. सहा वेळा वाचलेलं पुस्तक सातव्या वेळी हातात येतं आणि त्याचे टाके दिसायला लागतात. विशेषणांची खोगीरभरती दिसते, विनोद आधीच कळतो, खलनायक दारात आल्या आल्या ओळखू येतो. तू लिहितेस, काहीतरी हरवलं. लुइस रोझेनब्लाट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३८ मध्ये एक गोष्ट ठासून मांडली, की पुस्तकाचा अर्थ नुसता कागदावर नसतो आणि नुसता वाचकाच्या डोक्यातही नसतो, दोघांची गाठ पडते तेव्हा तो घडतो. त्या गाठीतलं एक टोक तू आहेस. अकरा वर्षांच्या तुझ्याबरोबर जे पुस्तक घडलं ते पंधरा वर्षांच्या तुझ्याबरोबर तसंच कसं घडेल? छापील शब्द आहेत तिथेच आहेत.

आणि खरं सांगू, पहिला भाग थोडा बाळबोध आहेच. लेखिकेचं ते पहिलं पुस्तक, तीही तेव्हा शिकत होती. चौथ्या भागातल्या साडेतीन ओळी लिहिणारी बाई पहिल्या भागात वादळाला दीड पान घेते. तुम्ही दोघी बरोबरच मोठ्या झालात. फरक एवढाच की तुझं वाढणं कुणी छापलं नाही.

ते तुझ्या वहीत असायला हवं होतं, आणि म्हणून बाईंचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. 'रडले' ही प्रतिक्रिया आहे, परीक्षण नाही, हे खरं. पण परीक्षण लिहायला प्रतिक्रिया खोडावी लागते असं बाईंना वाटत असेल तर ते चूक. परीक्षण तिथूनच सुरू होतं. तू फक्त 'रडले' लिहून वही मिटतेस, तिथे घाई होते. अजून पाच मिनिटं बसायचं. नेमकं कुठे? त्याच्या आधीच्या ओळीला काय वाटत होतं? कशाची अपेक्षा होती आणि काय आलं?

तुझी नोंद तू पाठवली होतीस: 'भाग ४. रडले. खूप रडले.' मी तुझ्या पत्रातलेच तुकडे उचलून, थोडी भर घालून, ती पुन्हा लिहून बघितली:

'भाग ४, शेवटून दुसरं प्रकरण. राणी मेली तेव्हा मी किती पानं उरली ते बघत होते. कंदीलवाला मेला ते आधी कळलंच नाही. पुढचं वाक्य वाचून मागे आले. तेव्हाही रडले नाही. मग पोराने कंदील घेतला आणि काच न पुसताच चालायला लागला, तिथे रडू आलं. त्याचं मरण वाचून नाही, काच वाचून.'

यात एकही अवघड शब्द नाही. 'व्यक्तिचित्रण', 'कथानकाची वीण', 'ओघवती शैली' असलं काही नाही. तरी बाईंना दाखव, त्या काय म्हणतात ते बघ. आणि हे माझं आहे, तुझं नाही, त्यामुळे उतरवून घेऊ नकोस. कदाचित तुला तिथे रडू आलंच नसेल, त्याच्याही आधी पावसाच्या अर्ध्या ओळीला आलं असेल. ते तूच सांगू शकतेस.

'बोअर'लाही हेच लागू. बोअर कुठल्या पानापासून झालं? मला विचारशील तर तिसऱ्या भागातली समुद्रसफर. जहाजाच्या प्रत्येक दोरीचं नाव आहे आणि त्या जहाजावर कुणाला कशाची भीतीच नाही. आणि ज्या पुस्तकाबद्दल काहीच लिहावंसं वाटत नाही, त्याची तारीख टाक आणि पान कोरं सोड. दहावा हक्क.

पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलंयस. उजेडाला धरून मी ते वाचलं, रागावू नकोस. कंदीलवाला जगतो असा शेवट तू स्वतः लिहिलायस आणि तो कुणाला दाखवायची लाज वाटते, बरोबर? फॅन फिक्शन म्हणतात त्याला, आणि जगभर लाखो लोक तेच करत बसलेत. दाखवू नकोस कुणाला, पण फाडूही नकोस. फक्त एक तपासून बघ. तुझ्या शेवटात तो जगल्यावर काच पुसतो का? पुसत नसेल तर तो कंदीलवाला नव्हे, दुसराच कुणीतरी वाचलाय.

पाचवा भाग मी वाचून संपवलाय. त्यात काय आहे ते सांगणार नाही, विचारूही नकोस. तुला केव्हा वाटेल तेव्हा काढ. त्याआधी पहिल्या भागात, ज्याला तू बाळबोध म्हणतेस त्यात, तो काच पहिल्यांदा कुठे पुसतो ते शोध. मला ती जागा दुसऱ्या वाचनात सापडली. तिथे त्याला अजून नावही नाही, नुसतं 'कुणीतरी' म्हटलंय. पान सापडलं की आकडा कळव.

तुझी
मावशी